काकवीचं लेबल, मंडळाची ढाल आणि न घावणारा मार्क: प्लॉटरच्या नोंदी

२१ जुलै २०२५

दोन जॉब एकदम आलेत. पहिला काकवीच्या बाटल्यांच्या लेबलांचा. मडक्याचा आकार, पांढरं विनाइल, इको सॉल्व्हंट शाईची प्रिंट, वर ग्लॉसी कोल्ड लॅमिनेशन आणि हाफ कट, म्हणजे वरचं विनाइल कापायचं, पाठीचा कागद नाही. दुसरा एका तालमीच्या मंडळाचा, गाडीवर लावायचे ढालीच्या आकाराचे स्टिकर. गणपती २७ ऑगस्टला बसणार, म्हणजे मंडळाचा माल आठवडाभर आधी हातात पाहिजे. गुऱ्हाळवाल्या तात्यांना एवढी घाई नाही, गुऱ्हाळं अजून थंड आहेत, पण त्यांची नजर मंडळाच्या पोरांपेक्षा तिखट.

लेबलाच्या कडेनं सगळीकडून २ मिलीमीटरची चॉकलेटी पट्टी आहे. कंटूर कटला, म्हणजे आकाराच्या कडेनं कापायला, यापेक्षा वाईट डिझाइन नाही. कट अर्धा मिलीमीटर सरकला की एका बाजूला दीड आणि समोरच्या बाजूला अडीच. नुसत्या पांढऱ्या कडेवर कुणाच्या बापाला कळत नाही, पट्टीवर मात्र पोरगंसुद्धा बोट ठेवतं. तात्यांना पट्टी काढा म्हणून सांगून बघितलं. "पट्टी नसली तर मडकं कसलं?" म्हणाले. पट्टी राहिली.

पहिला तुकडा प्लॉटरला, म्हणजे छापलेल्या शीटवर आकार कापणाऱ्या मशीनला, लावला आणि ऑपरेटर म्हणाला, "दादा, मार्क घावंना." मार्क म्हणजे चित्राच्या कोपऱ्यांपाशी छापलेली खूण, ती वाचून प्लॉटर कट कुठं घ्यायचा ते ठरवतो.

मार्क न घावणं आणि मार्क घावूनही कट सरकणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. आमच्या धंद्यात दोन्हीला 'मार्कचा प्रॉब्लेम' म्हणतात आणि मग पोरं दिसेल ते सेटिंग फिरवत बसतात. पहिल्या दुखण्यात प्लॉटरचा डोळा आंधळा असतो, कारण शाईत, प्रकाशात नाहीतर चकाकीत शोधायचं. दुसऱ्यात डोळा शाबूत असतो, कागद बदललेला असतो. तिथं स्टीलची पट्टी काढून मोजायचं, सेन्सरच्या नादी लागायचं नाही.

आजचं दुखणं पहिल्या जातीचं. डोक्याखालचा दिवा मार्कवर प्रकाश टाकतो, सेन्सर परत येणारा उजेड मोजतो. पांढऱ्यावरून भरपूर येतो, काळ्यावर आला की एकदम पडतो. त्या पडण्यावरून त्याला रेघेची कड कळते. भिंगाखाली मार्क धरला तर काळी रेघ तीन ठिकाणी तुटलेली, बारीक पांढऱ्या फटी. प्रिंटरचा नोझल चेक काढला, काळ्याचे नोझल बसलेत, म्हणजे तुंबलेत. चित्रात चॉकलेटी रंग चार शाया मिळून होतो, त्यामुळं तिथं हे लपून गेलं. मार्क एकट्या काळ्या शाईचा, त्यामुळं तिथं उघडं पडलं.

हेड क्लीन केलं. मार्कच्या रेघेची जाडी ०.३ होती, ती १ मिलीमीटर केली. एखादं नोझल उद्या परत बसलं तरी एवढी जाड रेघ पूर्ण तुटत नाही. लगेच वाचला.

२२ जुलै

मंडळाची फाइल उघडली. त्यांच्या ओळखीच्या डिझायनरनं मार्क स्वतःच काढून दिलेत, तेही ढालीच्या भगव्या-लाल रंगात. शीट एकसारखी दिसावी म्हणून. आमच्या प्लॉटरचा दिवा लाल आहे. लाल उजेडाला लाल शाई म्हणजे पांढरा कागदच. मॅजेंटा (गुलाबी) आणि पिवळा मिळून लाल होतो आणि दोन्ही लाल उजेड परत पाठवतात, अडवतो तो फक्त सायन (निळा) आणि काळा.

मंडळाच्या पोराला हे पटेना. "एवढा ठळक मार्क आहे की, दिसत कसा नाही?" मागच्या वर्षीच्या मखराच्या सामानातून लाल जिलेटिन कागदाचा तुकडा काढला आणि त्याला त्यातून शीटकडे बघायला लावलं. मार्क गायब. कागद हलवून हलवून चारदा बघितलं त्यानं, मग मोबाइलवर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. सेन्सरला काय दिसतं हे बघायचं याहून स्वस्त साधन माझ्या माहितीत नाही. जिलेटिनमधून जो मार्क काळा कुळकुळीत दिसतो तोच ठेवायचा.

मार्क बाहेरच्या फाइलमध्ये घ्यायचेच नाहीत. कटिंगच्या सॉफ्टवेअरमधून आपल्या मशीनचे टाकायचे. प्रत्येक कंपनीच्या घराण्याचा मार्क वेगळा असतो. ग्राफटेकला कोपऱ्यातली काटकोनी रेघ लागते, सुमाच्या ओपॉस या मार्क वाचायच्या पद्धतीला भरीव काळे चौकोन. एकाचे मार्क दुसऱ्याच्या मशीनवर चालत नाहीत. आणि काळा म्हणजे छपाईच्या चार शायांच्या सीएमवायकेमधला फक्त के, म्हणजे काळी शाई, शंभर टक्के. स्क्रीनच्या आरजीबी रंगांतला काळा रिपमध्ये, म्हणजे फाइल छपाईसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, गेला की चार शायांचा होतो, आणि चार शायांचा ताळमेळ जरा चुकला की मार्कला रंगीत झालर येते. सेन्सर मग झालरीची कड धरतो.

त्याच शीटवर डिझायनरनं आपला फोन नंबर मार्कला खेटून छापलाय. सेन्सर मार्क शोधायला निघतो तेव्हा वाटेत पहिली काळी गोष्ट दिसेल तीच मार्क समजतो. नंबर उडवला, मार्कच्या भोवती बोटभर कोरी जागा सोडली.

२५ जुलै

आजपासून श्रावण. मशीन दोन शीटा नीट वाचतं, तिसरीला नकार देतं, चौथी परत वाचतं. शीटा एकाच छपाईच्या, मार्क भिंगाखाली निर्दोष. ऑपरेटरनं सेन्सर कापसानं पुसला, केबल दाबून बघितली, शेवटी वैतागून म्हणाला, "पाऊस आला की चालतंय बघा हे."

तो चेष्टेनं बोलला, पण बरोबर बोलला. दुपारनंतर ढग फाटले की शटरमधून ऊन तिरकं येऊन थेट प्लॉटरवर पडतं. सर आली की उजेड जातो. उन्हात लाल उजेड दिव्यापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळं काळ्या रेघेवरसुद्धा सेन्सरला उजेडच दिसतो. जूनभर आभाळ गच्च होतं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

उपाय: काळ्या पाठीच्या फ्लेक्सचा रद्दी तुकडा शटरला पडद्यासारखा बांधला, काळी बाजू आत. वर नवीन लावलेला एलईडी फोकससुद्धा प्लॉटरवरून फिरवून लॅमिनेटरकडे वळवला. त्यानंतर ऊन असो की पाऊस, मार्क वाचतोय. मशीनला कव्हर असलेलं मॉडेल घेतलं असतं तर हा खेळ झाला नसता, पण त्या कव्हरच्या पैशात आमचा लॅमिनेटर आला.

२८ जुलै

काकवीची पहिली लॅमिनेट केलेली शीट. ग्लॉसी फिल्म चढली आणि मार्क परत घावेना. फिल्म आरशागत उजेड फेकते. काळ्या रेघेवरूनसुद्धा चकाकी थेट सेन्सरमध्ये जाते, काळं-पांढरं यातला फरक कमी होतो. दोन मार्ग आहेत. एक, फिल्म मार्कांच्या आतच संपेल एवढ्या रुंदीची लावायची. आमच्या फिल्मच्या रुंदीत ते बसत नाही. दुसरा, मार्कवर मॅट पारदर्शक टेप चिकटवायची, स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती दुधाळ दिसणारी. चकाकी मरते, काळं काळंच राहतं. टेप लावताना मार्क पूर्ण झाकला पाहिजे. टेपची कड मार्कमधून गेली तर सेन्सर तीच कड वाचतो.

मोठ्या जॉबला प्रत्येक शीटवर टेप लावत बसणं परवडत नाही म्हणून सेन्सरची लेव्हलसुद्धा या फिल्मवर नव्यानं सेट केली. मशीनला आधी कोरी जागा दाखवायची, मग मार्क, म्हणजे त्याला दोन्हीतला फरक समजतो. ही लेव्हल साध्या विनाइलला चालत नाही. म्हणून दोन लेव्हलींचे आकडे मशीनच्या अंगावर मार्करनं लिहून ठेवलेत.

मार्क वाचला. कट सुटला. शीटच्या सुरुवातीची मडकी देखणी, पट्टी चारी बाजूंनी सारखी. जसजसं पुढं जावं तसतशी पट्टी एका अंगाला बारीक होत गेली आणि शेवटच्या ओळीत ब्लेड थेट पट्टीच्या बाहेर पांढऱ्यावर. आता दुखणं दुसऱ्या जातीचं.

२९ जुलै

नागपंचमी. दुकान अर्धा दिवस. स्टीलची मोठी पट्टी शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून आणून ठेवली.

३० जुलै

मोजमाप. मार्क ते मार्क, लांबीच्या दिशेनं. फाइलमध्ये ९००. छापून वाळल्यावर ८९९.५. काल लॅमिनेट केलेल्या शीटवर आज सकाळी ८९७.५. म्हणजे प्रिंटरच्या हीटरनं आणि शाईतल्या सॉल्व्हंटनं फारसं काही केलेलं नाही, २ मिलीमीटर खाल्ले ते लॅमिनेशननं.

शीट टेबलावर मोकळी ठेवली तर दोन्ही टोकं वर उचलून फिल्मच्या बाजूला गोल होतात. यातच उत्तर आहे. लॅमिनेटरच्या फिल्म रोलचा ब्रेक कडक होता. फिल्म ताणत ताणत विनाइलवर चिकटली आणि रात्रभरात परत आपल्या लांबीला यायला लागली. येताना खालचं विनाइल ओढून आणलं. ब्रेक ढिला केला, फिल्म सुरकुती न पडता जेमतेम तणावात राहील एवढाच. नवीन तुकडा सपाट बसला.

दुसरी एक शिस्त याच जॉबपासून. प्रिंट निघाला की लगेच लॅमिनेट करायचा नाही, एक दिवस रोल सैल करून उभा ठेवायचा. सॉल्व्हंट आत अडकलं तर चिकट थर मऊ पडतो, कट झाल्यावर लेबलाच्या कडा आकसतात आणि पांढरी रेघ दिसते. ती बघून लोक कट सरकला म्हणतात. सरकलेला नसतो.

पण शीट आकसली तरी प्लॉटरनं ते सांभाळून घ्यायला पाहिजे होतं, मार्क त्यासाठीच तर असतात. सेटिंग बघितलं तर मशीन दोन मार्कांवर चाललंय. आधीच्या ऑपरेटरची सवय, वेळ वाचतो म्हणून. रुंदीतले दोन मार्क वाचून मशीनला शीट कुठं आहे आणि किती तिरकी आहे एवढंच कळतं, लांबी किती उरलीय ते कळत नाही. चार मार्क वाचले की लांबी, रुंदी आणि चौकटीचा तिरकेपणा, सगळं धरून कटची रेघ ताणून-आवळून बसवतं. चार मार्क वाचायला वेळ लागतो खरा, पण तेवढ्यात एक कटिंग चहा होतो.

चारवर टाकून ब्रेक ढिला करायच्या आधीचीच आकसलेली शीट परत चालवली. दोन्ही टोकं चोख. मधली ओळ मात्र पाऊण मिलीमीटर सरकलेली. त्या शीटच्या वेळी लॅमिनेटर मध्येच थांबवला होता, कुणीतरी पार्सल घेऊन आलं म्हणून. थांबला तिथं रोलरनं दाबून धरलं, ताण वेगळा पडला. चार मार्क टोकांना असतात, मधे काय घडलं ते त्यांना दिसत नाही. त्यासाठी मधले मार्क. आता ९०० च्या शीटचे तीनशेचे तीन भाग केलेत, प्रत्येक भागाच्या सीमेवर मार्क. विनाइल थोडं वाया जातं, तात्यांच्या नजरेपुढं ते स्वस्त आहे.

२ ऑगस्ट

ब्लेड बदललं. बदलल्यापासून प्रत्येक लेबल उजवीकडं ०.६ मिलीमीटर सरकलंय. पहिल्या ओळीतलंही तेवढंच, शेवटच्या ओळीतलंही तेवढंच.

सरक शीटभर एकसारखी असेल तर विनाइलला दोष द्यायचा नाही. सेन्सर आणि ब्लेडचं टोक यांच्यामधलं अंतर मशीनच्या डोक्यात लिहिलेलं असतं. ते चुकलं की सगळं एका मापानं चुकतं. आधी ब्लेडचा होल्डर काढून बघितला. कॉलरमध्ये तो पूर्ण खाली बसला नव्हता, खाचेत विनाइलची बारीक चिंधी. चिमट्यानं काढली, ०.६ चं ०.२ झालं. उरलेल्या ०.२ साठी कॅलिब्रेशन: मशीनचाच टेस्ट मार्क छापला, त्याच्यावरच कट मारला, आडवा आणि उभा फरक भिंगाखाली मोजून आकडा भरला.

ऑपरेटरनं मडक्याच्या गळ्याजवळचा कोपरा दाखवला, जरा गोल कापला जातोय. ते मार्कचं दुखणं नाही. ओढत फिरणाऱ्या ड्रॅग ब्लेडचं टोक मध्यापासून जरा बाजूला असतं, आमच्या ब्लेडला ०.२५, आणि तो आकडा सेटिंगमध्ये जुळला नाही तर कोपरे गोल होतात नाहीतर शिंग फुटतं. चौकोनाची टेस्ट मारून जुळवलं.

६ ऑगस्ट

मंडळाच्या ढाली सुरू. इथं तिसरीच तऱ्हा. सरक आहे, पण नेम नाही. एका शीटला डावीकडं, एकीला उजवीकडं, एकीच्या अर्ध्यापर्यंत काहीच नाही आणि मग एकदम उडी.

उडी म्हणजे घसरण. मार्क वाचून झाल्यावर शीट रोलरखालून घसरली तर मशीनला ते कळायचा मार्गच नाही. त्याला वाटतं शीट अजून तिथंच आहे. खालच्या खरखरीत रोलरचे दात बोटानं चाचपले तर गुळगुळीत लागले. महिन्याभराचा गोंद आणि कागदाचा भुसा दातांत भरलेला. जुन्या दातांच्या ब्रशनं घासून काढला, थिनर नाही, कोरडंच. वरच्या रबरी चाकांपैकी एक निम्मं शीटच्या बाहेर लटकत होतं, ते आत घेतलं.

तरी दोन शीटांना तिरकी ओढ. आम्ही चार फुटी रोलवर छापतो आणि प्लॉटर दोन फुटी म्हणून मधून फाडतो. कटरनं हातानं फाडलेली कड सरळ नसते. ऑपरेटर शीट लावताना कडेवर नजर ठेवून लावतो आणि छपाई कडेशी समांतर नसते. आता छपाईतच मधे एक बारीक रेघ टाकली, त्या रेघेवरून फाडायचं आणि मशीनला लावतानाही नजर रेघेवर. शीट लावली की कट सुरू करायच्या आधी पूर्ण लांबी एकदा पुढं-मागं फिरवून घ्यायची. ज्याला भटकायचं आहे तो त्यातच भटकतो.

पावसाचा वाटा वेगळाच. विनाइलला ओल फारशी लागत नाही, पण पाठीचा कागद पाणी पितो. कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या रोलच्या कडा पापडासारख्या लाटा धरून बसल्यात. अशी कड सेन्सरखाली वरखाली होते आणि चाकाखाली चालताना वाट सोडते. रोल भिंतीपासून लांब, फळीवर, पिशवीत. छापायच्या आदल्या दिवशी मशीनच्या खोलीत आणून ठेवायचा.

११ ऑगस्ट

आमच्या डिझायनर ताईनं दोन्ही प्लॉटर-फायलींचं एक टेम्प्लेट केलं. कटची रेघ वेगळ्या लेअरवर, हेअरलाइन म्हणजे केसाएवढी, वेगळ्या नावाच्या स्पॉट कलरमध्ये, म्हणजे नाव देऊन बाकीच्यांपासून वेगळा ठेवलेल्या रंगात. रोलँड कंपनीच्या व्हर्सावर्क्स या रिपमध्ये त्या रंगाचं नाव 'कटकंटूर' असंच लागतं, बाहेरून छापून घ्यायची वेळ आली तर आपली फाइल तिथंही चालावी म्हणून तेच नाव ठेवलं. ब्लीड, म्हणजे कटच्या बाहेर वाढवलेली छपाई, सगळीकडं २ मिलीमीटर. पुढं पट्टीचं डिझाइन आलं तर पट्टी ४ मिलीमीटरची आणि बाहेरच्या बाजूनं ब्लीडमध्ये मिसळलेली. ताई म्हणाली, "तात्यांची फाइल मी बदलतो आणि न सांगता पाठवतो, त्यांना कळणार पण नाही." नको म्हटलं. तात्यांना कळतं.

रिपमध्ये 'पानाला बसवा' हा पर्याय टेम्प्लेटमधून कायमचा बंद केला. छपाई ९८ टक्क्यांवर गेली आणि कट शंभरवर राहिला, तर चार मार्क वाचून मशीन सांभाळून घेईलही, पण लेबल बाटलीला लहान पडेल.

१६ ऑगस्ट

उद्या कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन, परवापासून सीपीआर हॉस्पिटलसमोर कामकाज सुरू. सहा जिल्ह्यांचे वकील येणार म्हणून गावात बोर्ड आणि स्टिकरची झुंबड आहे. आमच्याकडं एका वकील साहेबांचे चंदेरी क्रोम विनाइलवरचे स्टिकर आले, आकार तराजूचा, उद्या सकाळी पाहिजेत.

क्रोमवर मार्क वाचायची आशा नव्हती, आणि वाचलेही नाहीत. पाठ आरशाची, त्यामुळं 'कोऱ्या' जागेचा उजेड सेन्सरमध्ये येतो तरी नाहीतर भलतीकडं जातो तरी, आणि मार्कची काळी शाई पातळ असली तर तीही चमकते. मॅट टेपचा उपाय इथं अर्धवट चालला, चारातले तीन वाचले. मग मशीनचं वाचन बंद करून हातानं. ब्लेडच्या जागी पॉइंटर लावून प्रत्येक मार्कच्या कोपऱ्यावर बाणांच्या बटणांनी नेलं आणि जागा मान्य केली. चारही मार्क असेच. माणसाचा डोळा पाव मिलीमीटरच्या आसपास नेम धरतो, तराजूला तेवढं पुरतं. वेळ बराच गेला, पण एकच शीट होती. मोठा जॉब असता तर क्रोमवर पांढरी शाई असलेल्या प्रिंटरकडून आधी पांढरा चौकोन आणि त्यावर काळा मार्क छापून घेतला असता.

साहेबांना घाई होती, पैसे मात्र पुढच्या तारखेला.

२० ऑगस्ट

ढाली गेल्या. मंडळाच्या पोरांनी दुकानातच एक ढाल बुलेटच्या टाकीवर चिकटवून बघितली. टाकीच्या गोलाईवर टोक उचलतंय. तो साध्या कॅलेंडर्ड, म्हणजे रोलरनं लाटून केलेल्या, विनाइलचा स्वभाव, कटचा दोष नाही. गोलाईला कास्ट, म्हणजे ओतून केलेलं, विनाइल लागतं आणि त्याचा भाव त्यांना जूनमध्येच सांगितला होता.

काकवीचा शेवटचा रोल लॅमिनेटरवरून उतरून उभा आहे. मार्क ते मार्क ८९९.५, म्हणजे छपाईनंतर काही खाल्लेलं नाही. तात्या आज नमुना घेऊन गेले, खिशातून स्वतःची प्लास्टिकची पट्टी काढून चारी बाजू मोजल्या. एका बाजूला त्यांना पावणेदोन भरली. "चालतंय की," म्हणाले आणि बाकीच्या मालाची तारीख विचारली. शनिवार सांगितलाय.

बाकी: ब्लेड तीन मागवायची. मॅट टेप संपत आली. शटरचा पडदा दोरीवर आहे, त्याला पाइप करायचा. पारदर्शक विनाइलवरच्या जॉबची चौकशी आलीय, त्यात मार्कच्या मागं काय रंग येतो ते टेबलाच्या पट्ट्यावर अवलंबून, म्हणून आधी मार्कखाली पांढरा कागद चिकटवून एक तुकडा चालवून बघायचा आणि मगच दर द्यायचा.